देव गेले, धाक उरला

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांस बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि गावोगावच्या वस्त्यांतील देव्हारे रिकामे होऊ लागले. कोणी टाक नदीत सोडले, कोणी उतरंडीमागे दडवून ठेवले. दडवणाऱ्यांना आम्ही हसत नाही. मरीआईचा कोप होईल, घरात मूल दगावेल, हे ज्याने आईच्या दुधाबरोबर ऐकले, त्याचे भय एका दिवसाच्या दीक्षेने जावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

आमच्या समाजात हे भय लेकरांच्या अंगावर लिहिले जात असे. नवसाचा मुलगा पोतराज होई; त्याचे केस कापत नसत आणि आसूड हाती येण्याआधीच तो त्याच्या पाठीच्या ओळखीचा होई. मुलगी खंडोबाला वाहिली की मुरळी, यल्लम्माला वाहिली की जोगतीण. शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’मधून मुरळीच्या चालीविरुद्ध लेखणी चालविली, ती विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात. पुढे १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, तर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा. परंतु कायदा वाहणाऱ्याचा हात धरतो. वाहिल्या गेलेल्या मुलाची झोप त्याला परत आणता येत नाही. जट कापल्यावर आपण मरणार, या धास्तीने रात्रभर जागणाऱ्या मुलीजवळ कोणीतरी माणूसच बसावे लागते.

या संदर्भात बाबासाहेबांचे स्वतःचे बालपण पालकांनी अवश्य अभ्यासावे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रास्ताविकात त्यांनी ते सांगितले आहे. सुभेदार रामजी कबीरपंथी, घरातील धार्मिक शिस्त कडक. झोपण्यापूर्वी दोघा भावांनी जमलेल्या मंडळींस रामायण-महाभारत वाचून दाखवावे, हा नेम वर्षानुवर्षे चालला. इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर दादा केळुसकरांनी स्वलिखित बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलाने वडिलांना विचारले, आम्हांला बौद्ध वाङ्मय का दिले नाही? द्रोण, कर्ण यांसारखी लहान माणसे किती उंचीला पोहोचली हे कळावे व आपल्या मनातील न्यूनगंड जावा, असे वडिलांचे उत्तर होते. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण आपल्याला आवडत नाहीत, असे त्याने स्पष्ट सांगितले. वडील गप्प राहिले.

त्या गप्प राहण्याला आम्ही फार मोल देतो. कडक बापाने त्या क्षणी हात उगारला असता, तर?

आता आपल्या घरांकडे आणि वसतिगृहांकडे वळू. पहाटे त्रिशरण-पंचशील म्हणताना एखादे मूल पेंगते, आणि त्याला अंगठे धरून उभे केले जाते. ‘आम्हीही मार खाऊनच घडलो’, असे काही ज्येष्ठ बांधव अभिमानाने म्हणतात. आमचे मत निराळे आहे. ज्या मुलाने देवीच्या धाकाने डोके टेकले, त्याला बुद्धमूर्तीपुढे छडीच्या धाकाने टेकवायला लावले, तर त्याच्या लेखी फक्त मूर्ती बदलली. कालामांना परंपरेवरही विसंबू नका असे सांगणाऱ्या शास्त्याच्या नावाने तर हे मुळीच होऊ नये. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेही शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घातली आहे, हे जाता जाता नमूद करतो.

दुसरी जखम अधिक नाजूक आहे. सुट्टीत घरी गेलेल्या मुलाच्या कपाळाला आजी अंगारा लावते. परत आल्यावर वर्गात तिची ‘अडाणी’ म्हणून टिंगल झाली, तर ते मूल आजी आणि धम्म यांच्यामध्ये उभे फाटते. पुढे ते आजीविषयी बोलत नाही. मग स्वप्नांविषयीही नाही. आजीने तो अंगारा मायेने लावला आणि त्यात औषध नाही, ही दोन्ही वाक्ये शिक्षकाने एका दमात म्हणायला शिकले पाहिजे.

म्हणून संस्थाचालकांना आमची विनंती आहे की, नव्या सभागृहाआधी एका प्रशिक्षित समुपदेशकाच्या वेतनाची तरतूद करावी आणि मुलांना त्यांच्याकडे एकट्याने जाण्याची मुभा असावी. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी लहानपणी असे काही सोसले आहे, त्यांनी स्नेहसंमेलनात केवळ पदव्या न सांगता, आपली रात्रीची भीती कोणत्या वर्षी व कोणाच्या सोबतीने गेली, हेही मुलांना सांगावे. अजून गेली नसेल, तर तेही सांगावे.