गोठ्याची विचारपूस : घरचा पाडा वळू म्हणून ठेवण्याआधी

भुदरगड तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या संकरित होल्स्टिन गाईचा पाडा दीड वर्षाचा झाला. आई दुधाला चांगली, पाडा अंगाने भरलेला आणि स्वभावाने गरीब. शेजारपाजारचे लोक आपल्या गाई त्याच्याकडे भरवायला आणू लागले आहेत. वळूच्या रक्तातले दोष आता तपासता येतात असे त्यांच्या कानावर आले. पाड्याची तपासणी करावी का, आणि घरच्या दोन गाईंचीही करावी का, असे त्या विचारतात.

पाड्याची करावी, गाईंची नको. असे का, ते पहा.

हे दोष डोळ्यांना दिसणारे नसतात. वासराला प्रत्येक गुणाचा एक वाटा आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. एक वाटा सदोष आणि दुसरा चांगला असला की जनावर धडधाकट राहते, दूधही भरपूर देते. अशा जनावराला वाहक म्हणतात. वाहक गाय आणि वाहक वळू एकत्र आले, की सरासरी चारांतले एक वासरू दोन्ही सदोष वाटे घेऊन येते. ते बहुधा जगत नाही.

होल्स्टिन जातीत हे मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. अमेरिकेत १९५२ साली ऑसबॉर्नडेल आयव्हनहो नावाचा वळू जन्मला. त्याच्याच वंशात १९७४ साली कार्लिन-एम आयव्हनहो बेल झाला. बेलच्या लेकी दुधाला सरस, म्हणून त्याचे रेतन देशोदेशी गेले. हे दोन्ही वळू ‘ब्लॅड’ नावाच्या दोषाचे वाहक होते. या दोषात रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला जागेवर पोचूच शकत नाहीत. वासराला सारखी हगवण लागते, खोकला राहतो, हिरड्या सडतात, जखम भरत नाही, अंग धरत नाही. बहुतेक वासरे वर्षाच्या आत दगावतात. नेमका बिघाड १९९२ साली सापडला, तेव्हा अमेरिकेत रेतनासाठी ठेवलेल्या वळूंत शंभरी सुमारे १४ वाहक निघाले. ते सगळे निवडून काढलेले, नावाजलेले वळू होते!

आपल्याकडे १९६३ साली कोल्हापुरात गोकुळ दूध संघ उभा राहिला, १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ सुरू केली, आणि पुढे संकरित गाय घरोघर आली. दुधाच्या पैशाने घरे सावरली. परदेशी रक्ताबरोबर त्यातले दोषही थोडेफार आले. भारतातल्या होल्स्टिन आणि संकरित जनावरांतही ब्लॅडचे वाहक सापडले आहेत.

म्हणून केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे रेतन केंद्रावरचे असे वळू ब्लॅड आणि आणखी तीन दोषांसाठी तपासले जातात. एका दोषात वासरू चांगले जन्मते आणि आठवड्याच्या आत झापड येऊन, झटके देऊन मरते. दुसऱ्यात रक्त लवकर थांबत नाही. तिसऱ्यात गर्भ चाळीस दिवसांच्या आसपास पोटातच जिरतो आणि गाय पुन्हा माजावर येते. पण गाय उलटली म्हणून लगेच वळूवर खापर फोडू नका. ऊसतोडीच्या दिवसांत नुसत्या वाढ्यांवर काढलेल्या, क्षार-मिश्रण न मिळालेल्या गाई आपल्या भागात अधिक उलटतात.

आता गाईंची तपासणी का नको? वळू निर्दोष असला, तर वाहक गाईच्या वासरालाही निदान एक वाटा चांगला मिळतोच, आणि ते आजारी पडत नाही. तपासलेल्या वळूची कांडी वापरली की काम भागते. गाय वर्षाला एक वासरू देते. वळू गावभर पसरतो.

आणि पसरतो तो गुपचूप. वाहक वळूच्या वाट्याला निर्दोष गाई आल्या, तर पहिली दोन वर्षे एकही वासरू बिघडत नाही. सगळे त्याची वाहवा करतात. पण त्याच्या निम्म्या लेकी वाहक असतात. त्या माजावर येऊन त्याच वळूकडे आल्या, की सरासरी आठांतले एक वासरू मरणाच्या वाटेचे. तोवर पाड्याचा धनी कोण आणि बापाची चौकशी कोण करणार? लोक दृष्ट लागली म्हणून मोकळे होतात.

तेव्हा बाईंनी पाड्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. रक्ताच्या नमुन्यावर तपासणी होते, आणद येथील राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या प्रयोगशाळेत ती सोय आहे. त्याच वेळी सांसर्गिक गर्भपाताचीही तपासणी मागून घ्यावी. माझ्या मते ती अधिक तातडीची, कारण तो रोग वळूकडून गाईला आणि गाईकडून माणसालाही लागतो. एवढा खटाटोप नको असेल, तर पाडा सरळ खच्ची करून घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. तपासणीत निर्दोष ठरला तरी त्याच्या लेकी त्याच्याकडे भरवू नयेत, कारण तपासणी ज्ञात दोषांचीच होते. म्हशींच्या बाबतीतही हेच. गावात एकच रेडा वर्षानुवर्षे फिरत असेल, तर तो बदलावा.

निकाल येईपर्यंत पाडा बांधूनच ठेवावा. जाऊबाईंची गाय दारात हंबरत असताना नाही म्हणणे जड जाते, हे खरे. त्यांना रेतन-सेवकाची वेळ सांगा : माज सकाळी दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कांडीवरचा वळूचा क्रमांक आणि गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक तारखेसह वहीत लिहून ठेवायला सांगा. दोन वर्षांनी त्या गाईची कालवड माजावर येईल, तेव्हा कोणती कांडी टाळायची ते त्या वहीतच पाहता येईल.