पाकिटातलं खोबरं आणि घाईचा केक

नारळाच्या केकवर पाकिटातला गोड कीस घालणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या या थरांच्या केकवर ‘सेव्हन मिनिट फ्रॉस्टिंग’ असतं. अंड्यातलं पांढरं, साखर आणि थोडं पाणी, उकळत्या पाण्याच्या वाफेवर फेटलेलं. (माझ्या मिक्सरला दहा मिनिटं लागली. असो.) म्हणजे गोडवा आधीच भरपूर! वर ओला नारळच खवून घाला, त्याचं पाणी थरांवर शिंपडा.

परवा लेकीने वाढदिवसाला दुकानातला केक नाकारून ‘बाबाचाच’ मागितला. पाहुणे यायला अर्धा तास, म्हणून थर कोमट असतानाच फ्रॉस्टिंग फासलं. वरचा मजला डोळ्यांदेखत घसरला! डेडलाईनसाठी टेस्टिंग गाळायची आमची धंद्यातली खोड, दुसरं काय. थर पूर्ण गार होऊ द्या, तोवर पाहुण्यांना चहा पाजा.

लेकीने मात्र घसरलेला तुकडाच आधी मागितला.