मापात पाप

मराठी माणसाच्या अभिमानाला हात लावायची माझी हिंमत नाही. पण परवानगी असेल तर त्याला एकदा फूटपट्टी लावावी म्हणतो.

'मराठ्यांचं आरमार' एवढे दोन शब्द कुठल्याही बैठकीत उच्चारून बघा. चहाचे कप खाली ठेवले जातात, छात्या दोन-दोन इंच फुगतात, आणि आयुष्यात गेटवे ते एलिफंटा यापलीकडे समुद्र न पाहिलेला गृहस्थसुद्धा, कान्होजी आंग्र्यांनी इंग्रजांची झोप कशी उडवली ते अशा थाटात सांगू लागतो, की त्या रात्री वल्ही मारायला हा स्वतः बसला होता. सांगू द्यावं. मग हळूच विचारावं, ''का हो, कान्होजींची गुराब साधारण किती फूट लांब असेल?'' संपलं! चहा पुन्हा तोंडाला लागतो, कुणाला तरी शेवटची बस आठवते, आणि उरलेले तुमच्याकडे असे बघतात, जणू तुम्ही लग्नघरात नवरीचं वजन विचारलंत.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या गोष्टीचा अभिमान बाळगायचा तिचं माप ठाऊक असावं. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असं स्वच्छ लिहून ठेवावं. छाती मोजायला शिंपी तरी लागतो. फुगवायला कुणीच लागत नाही, म्हणून तर ती इतकी स्वस्त झाली आहे.

मध्यंतरी एका सत्कारसमारंभाला गेलो होतो. (सत्कार माझा नव्हता. मी टाळ्यांच्या बाजूला होतो.) प्रमुख पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि काचेच्या पेटीतली एक 'मराठा युद्धनौका' देण्यात आली. तीन उंच डोलकाठ्या, पाठीमागे महालासारख्या खिडक्यांच्या रांगा, कुशीला तोफांचे एकावर एक तीन मजले आणि शेंड्यावर भगवा. खाली पितळी पट्टी – 'हिंदवी स्वराज्याचे आरमार'. मी जवळ जाऊन पाहिलं. हे जहाज माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. ती 'व्हिक्टरी' होती, नेल्सनची! १८०५ साली ट्राफल्गारच्या लढाईत ज्या जहाजावर तो पडला, ते जहाज.

आता जरा तारखा बघा. कान्होजी वारले १७२९ साली. आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळून खाक झालं ते फेब्रुवारी १७५६ मध्ये, इंग्रजी आरमाराच्या वॉटसन साहेबाच्या स्वारीत. (त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूचे होते, हे आपण एकमेकांत हळू आवाजात बोलतो.) आणि 'व्हिक्टरी' पाण्यात उतरली १७६५ मध्ये. म्हणजे ज्या आरमाराने आपलं आरमार जाळलं, त्याच आरमाराचं, जाळपोळीनंतर नऊ वर्षांनी तयार झालेलं जहाज आपण भगवा लावून एकमेकांना भेट देतो. वर शाल आणि श्रीफळ!

बरं, ही तीन मजली बया कान्होजींना फुकट मिळाली असती तरी त्यांनी ती ठेवली असती कुठे? तिला तरंगायला अठ्ठावीस फुटांच्या आसपास पाणी लागतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला माणसं चालत जातात! 'व्हिक्टरी' तिथे चिखलात रुतून बसली असती, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या सावलीत भेळेच्या दोन गाड्या लागल्या असत्या.

खरी गुराब अगदी वेगळी. तिचं उत्तम वर्णन करून ठेवलं आहे ते रॉबर्ट ऑर्म नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थाने. तो सांगतो ते थोडक्यात असं. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोनवाली जास्तीत जास्त दीडशे टनांची, तीनवाली तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी भरपूर, पाणी लागायचं अगदी थोडं. मधे ऐसपैस आणि पुढे निमुळती होत गेलेली. इंग्रजी जहाजासारखी फुगीर छाती नाही. त्या जागी पुढे झेपावलेली लांब, सखल नाळ. तोंडावरच्या लाटेत ती धबाधबा बुडायची, म्हणून नाळेला कठडाच नाही. आलेलं पाणी तसंच वाहून जावं अशी सोय. आणि नाळेच्या मागच्या आडव्या भिंतीत भोकं पाडून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा, थेट पुढे रोखलेल्या. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबेला ओढून नेत, शत्रूच्या पिछाडीला आणून उभी करत, आणि मग या पुढच्या तोफा त्याच्या डोलकाठ्या मोडायला लागत. शत्रूच्या बहुतेक तोफा कुशीला. पाठीमागून आलेल्याला तो काय मारणार, कपाळ?

म्हणजे त्या जहाजात शहाणपण होतं. उथळ खाडी, पडता वारा, शत्रूचं दुबळं अंग असा सगळा विचार त्या लाकडाच्या आकारात उतरलेला होता. आपण तो आकार फेकून देतो आणि त्या जागी नेल्सनला आणून बसवतो. पूर्वजांची बुद्धी काढून घ्यायची आणि वर त्यांचा जयजयकार करायचा, हा मान आहे की अपमान, हे तुम्हीच ठरवा.

गेली चार वर्षं मी ही गुराब घरी बांधतो आहे. जेवणाच्या टेबलावर. त्यामुळे आम्ही जेवतो जमिनीवर, आणि ''गुडघ्यांचं औषध आता आंग्र्यांच्या खात्यातून आणा,'' असं आमच्या हिचं म्हणणं आहे. प्रमाण ठेवलंय एका फुटाला पाव इंच. पण मुळात फूट किती? ऑर्म टन सांगतो, लांबी सांगत नाही. मग त्या काळातल्या इंग्रजी सुतारांचं टन काढायचं गणित उलटं चालवलं. लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, उरेल त्याला रुंदीने गुणायचं, पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणायचं आणि आलेल्या आकड्याला ९४ने भागायचं. नव्वद नाही, शंभर नाही, चौऱ्याण्णव! लांबी सत्तर फूट आणि रुंदी बावीस धरली की उत्तर येतं सुमारे १४६ टन. दीडशेच्या आत बसलं. म्हणून माझी गुराब साडेसतरा इंच लांब आणि साडेपाच इंच रुंद.

हा अंदाज आहे, आणि अंदाज आहे हे दिसलं पाहिजे, यासाठी मी दोन लाकडं वापरतो. जे लिखित पुराव्यावरून ठाऊक आहे – नाळ, पुढची भिंत, दोन तोफा – ते सागाचं, आजोबांच्या मोडक्या कपाटातल्या. जे केवळ माझ्या तर्काचं आहे ते आंब्याच्या जुन्या पेटीच्या पांढऱ्या फळीचं. सुकाणूचा दांडा पांढरा, वरामा पांढरा, तांडेलाची बसायची जागा पांढरी. गुराब लांबून बघाल तर तिला कोड फुटल्यासारखी दिसते. पण कुठे इतिहास संपतो आणि कुठे मी सुरू होतो, हे शाळकरी पोरालाही सांगता येतं. कितीतरी जाडजूड ग्रंथांबद्दल हे सांगता येणार नाही.

येणारे-जाणारे सल्ला देतात. पहिला प्रकार म्हणतो, ''अहो, रंग मारा आणि भगवा जरा मोठा लावा. बारकावे कोण बघतंय?'' कोण बघतंय, हा आपला राष्ट्रीय प्रश्न आहे. पुलाखालचं सिमेंट कोण बघतंय, गोळीतलं औषध कोण बघतंय, पुतळ्याच्या घोड्याचा कुठला पाय वर आहे ते कोण बघतंय! कुणी बघत नाही म्हणून ज्याने नाळेची एक फळी सैल बसवली, त्याला समुद्राने पाहिलं असेल. समुद्राला 'चालतंय हो' म्हणता येत नाही.

दुसरा प्रकार जरा तिखट. ''शत्रूने लिहिलेलं तुम्ही खरं मानता?'' मानतो. गोलंदाजाचा चेंडू किती वळतो हे आऊट होऊन परतणाऱ्या फलंदाजाला विचारावं; प्रेक्षकांत बसून शिट्ट्या मारणाऱ्याला नव्हे. ज्यांची जहाजं आंग्र्यांनी पकडली, त्यांनी आंग्र्यांची जहाजं डोळ्यांत तेल घालून पाहिली. आपल्या बाजूने कुणी मापं लिहून ठेवली असती तर मी आनंदाने तीच घेतली असती.

तिसरे आमचे शेजारी. गलबताच्या तळाला नाळेपासून वराम्यापर्यंत जो कणा असतो त्याला कोकणात 'पठाण' म्हणतात. ''आज पठाण बसवला,'' असं मी म्हणालो तर ते दचकून म्हणाले, ''मराठ्यांच्या गलबतात पठाण? खपवून घेणार नाही कुणी!'' महाराजांच्या आरमाराच्या सरदारांत मायनाक भंडारी होते तसे दौलतखानही होते, हे सांगितल्यावर ते गप्प झाले. पण रागावूनच. तपशिलाचा हाच दोष आहे. तो आपल्या सोयीचा नसतो.

''मग काय, आपल्याला जहाजं बांधता येत नव्हती म्हणता?'' असाही एक बाण येतो. उलट! मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' बांधली. तिच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ला ती पाण्यात उतरली, आणि इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. दोनशे वर्षं झाली! आमची इमारत तीस वर्षांत गळायला लागली. तर या 'ट्रिंकोमाली'चे नकाशे विलायतेहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले होते. १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकनांनी 'जावा'ला गाठून नष्ट केलं, नकाशे गेले. साहेबाने काय केलं? छाती पिटली? नकाशांची दुसरी प्रत पाठवली. त्यांच्याकडे कारागीर आपले होते, पण कागद त्यांचे होते. कारागीर गेला, कागद राहिला. आज तिची प्रतिकृती करणाऱ्याला फळी न् फळीचं माप मिळतं, आणि मी आंब्याची पेटी फोडत बसलोय.

आपल्याकडे कागद नव्हता कारण विद्या हातात होती. आणि अजून थोडी हातात आहे, हे माझ्या भांडणाचं खरं मूळ. गुराबेच्या बाकाचा विचार करत मी वाघोटनच्या खाडीकाठी गिर्ये इथली आंग्र्यांच्या काळची गोदी बघायला गेलो होतो. तिथून पुढे एका बंदरात एक म्हातारे सुतार भेटले. आयुष्यभर होड्या बांधलेले. मी वही काढून मापं विचारली. ते माझ्या वहीकडे दयेने बघत म्हणाले, ''कागद कित्याक व्हयो? सगळा डोळ्यांत आसा.'' आणि वाळूत काठीने एका दमात नाळेचा बाक काढून दाखवला. तीन इंग्रजी पुस्तकांनी जे मला समजलं नव्हतं, ते त्या एका रेघेत समजलं. विचारलं, हे कुणाला शिकवलंत? तर म्हणाले, आता होड्या फायबरच्या होतात. आणि झील मुंबईला रिक्षा चालवतो. बोलता बोलता भरतीचं पाणी आलं आणि रेघ पुसून गेलं. मी त्याआधी ती मोजून घेतली होती.

विजयदुर्गाला आरमार जळलं त्याचं खापर इंग्रजांवर फोडता येतं. या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतलं आरमार बुडेल त्याचं खापर कुणावर फोडणार?

अशक्य काहीच नाही. अजिंठ्याच्या एका चित्रावरून, नकाशाचा एक कागद हाती नसताना, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून 'कौंडिण्य' नावाचं जहाज आपल्याच लोकांनी बांधलं. केरळचे शिवणारे कारागीर आणि मद्रास आयआयटीचे गणिती एकत्र बसले; मे २०२५मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागलं. एका चित्रावर जे होऊ शकतं ते गुराबेचं का होऊ नये? एका चित्ररथाच्या खर्चात किनाऱ्यावरचे सगळे म्हातारे सुतार गाठता येतील. टेप लागेल, वही लागेल आणि घोषणा न देता तासभर ऐकून घ्यायची तयारी लागेल. शेवटची वस्तू दुर्मिळ आहे, हे मला मान्य आहे.

माझी गुराब अजून पुरी व्हायची आहे. कुणाच्या माळ्यावरच्या दप्तरात, कुणा म्हाताऱ्याच्या बोलण्यात एखादं माप सापडलं तर मला जरूर कळवा. त्या जागची पांढरी फळी मी काढीन आणि सागाची बसवीन. साग उरलाय माझ्याकडे. तोपर्यंत पांढरं ते पांढरंच राहील. वर भगवाही आहे. लहानसाच आहे, पण मापात आहे.