तळ्याची तब्येत कशी आहे?

दोस्तांनो, आज आधी एक काम करा. पुणे जिल्ह्याचा नकाशा काढा. सापडला? आता भीमाशंकरावर बोट ठेवा आणि भीमा नदीच्या रेघेवरून हळूहळू खाली या. रांजणगाव सांडस गावाजवळ आलात की थांबा. इथे पुण्याहून आलेली मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका आणि समोरच्या काठाला दौंड तालुका! शिरूर गाव मात्र घोड नदीच्या काठी. म्हणून तर जुनी माणसं शिरूरला अजूनही ‘घोडनदी’ म्हणतात. ही घोडही पुढे भीमेलाच मिळते. मग भीमा जाते उजनीच्या धरणात. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर. त्याचं फुगवट्याचं पाणी पार दौंड तालुक्यातल्या खानोट्यापर्यंत येतं.

याशिवाय दौंड तालुक्यात वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव आहे, यवतजवळ नाथाचीवाडीचा माटोबा तलाव आहे. हे तलाव नुसत्या पावसावर भरत नाहीत बरं का. खडकवासल्याहून निघालेला कालवा मैलोन्‌मैल वाट तुडवत येतो आणि यांना पाणी देतो. व्हिक्टोरिया तलावाचं पाणी तर आसपासच्या गावांत प्यायलाही जातं.

आता सांगा, नकाशावरून काय कळलं? आपल्या तळ्यातलं पाणी आपलं एकट्याचं नसतं! ते कुठून तरी आलेलं असतं, आणि वाटेत जे जे भेटलं ते घेऊन आलेलं असतं. वरच्या गावातलं गटार, शेतातलं खत, शहरातलं सांडपाणी, सगळं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले. त्यांतले ५३ महाराष्ट्रात होते, आणि त्या यादीत मुळा, मुठा, मुळा-मुठा आणि भीमा या चौघीही होत्या.

मग आपल्या तळ्याची तब्येत कशी आहे, हे कसं ओळखायचं?

“त्यात काय! बघून!” असं कोण म्हणालं? थांबा जरा. पावसाळ्यात पाणी चहासारखं गढूळ दिसतं, पण ती बहुतेक वाहून आलेली माती असते. उलट काचेसारखं नितळ पाणी जंतूंनी भरलेलं असू शकतं. जंतू काही डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे नुसतं बघून भागत नाही. मोजावं लागतं.

बरं, एकदा मोजलं की झालं का? नाही! ते का, ते समजून घेण्यासाठी माशांकडे जाऊ या.

मासे श्वास घेतात तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. हा प्राणवायू फारच थोडा असतो. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम. पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसात. म्हणजे आपल्या एप्रिल-मेमध्ये तळं मुळातच धापा टाकत असतं. हा प्राणवायू ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशांचे हाल सुरू होतात.

आता गंमत बघा. तळ्यात सांडपाणी आणि उसाच्या रानातलं खत वाहून आलं की नत्र आणि स्फुरद वाढतात. ही तर शेवाळाची मेजवानीच! शेवाळ फोफावतं, पाणी हिरवंगार होतं. शेवाळ ही वनस्पती. दिवसा उन्हात ती अन्न तयार करते आणि भरपूर प्राणवायू सोडते. म्हणून दुपारी दोन वाजता मोजलंत तर तळं एकदम ठणठणीत! पण रात्री ऊन नसतं. मग तेच शेवाळ प्राणवायू सोडायचं बंद करतं आणि उलट वापरू लागतं. मासे वापरतात, तळाशी कुजणाऱ्या घाणीतले जंतू वापरतात. रात्रभर खर्चच खर्च, जमा काहीच नाही. पहाटे पाचच्या सुमाराला तिजोरीत खडखडाट! मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ-आ करताना दिसतात. दोन-चार दिवस आभाळ भरून राहिलं तर दिवसाही जमा कमी होते, आणि मग एके सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच पडतो. लोक म्हणतात, “कुणी तरी विष कालवलं!” कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा विष कुणी रात्रीतून कालवलेलं नसतं. ते महिनोन्‌महिने, थोडं थोडं, सगळ्यांनी मिळून कालवलेलं असतं.

जलपर्णीचंही तसंच. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून माणसांनीच ती देशोदेशी नेली. घाण पाण्यात ती इतकी माजते की आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाण्यावर हिरवी सतरंजी अंथरली की खाली उजेड नाही, वारा नाही, प्राणवायू नाही.

लक्षात आलं ना? दुपारचं तळं वेगळं, पहाटेचं वेगळं. वैशाखातलं वेगळं, श्रावणातलं वेगळं. एका दिवसाच्या मोजणीवरून तळं चांगलं की वाईट हे ठरवता येत नाही. डॉक्टर तापाचा कागद कसा ठेवतात? सकाळी किती, संध्याकाळी किती, काल किती, आज किती. तळ्याचाही तसाच कागद हवा. तीच जागा, तीच वेळ, आणि खंड न पडता केलेली नोंद. यासाठी शंभर पानी वही पुरते!

“पण वहीने तळं थोडंच स्वच्छ होणार?” असंही कुणाच्या मनात आलं असेल. तर ही एक खरी गोष्ट ऐका.

अमेरिकेत सिअ‍ॅटल नावाचं शहर आहे. त्याच्या कुशीत वॉशिंग्टन सरोवर आहे. भोवतालच्या वस्त्यांचं सांडपाणी त्यात जायचं. १९५० साली या सरोवरात सुमारे १२ फूट खोलपर्यंत दिसायचं. १९५५ साली तिथल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांना पाण्यात एक वेगळ्या जातीचं शेवाळ दिसलं. डब्ल्यू. टी. एडमंडसन या शास्त्रज्ञांनी ताडलं की हे लक्षण बरं नाही. ते आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं मोजत राहिले. एडमंडसन लोकांना सांगत राहिले की असंच चाललं तर सरोवराचं काय होईल. आकडे समोर असल्यामुळे लोकांनाही पटलं. १९५८ साली नागरिकांनी मतदान करून ठरवलं, की स्वतःचे पैसे घालायचे पण सांडपाणी सरोवरात जाऊ द्यायचं नाही. ते शुद्ध करून समुद्राकडे न्यायचं. काम पूर्ण व्हायला १९६८ साल उजाडलं. मधल्या काळात तर सरोवर इतकं बिघडलं होतं की जेमतेम ३० इंच खोलपर्यंत दिसायचं! पण पुढच्या काही वर्षांतच ते निवळलं आणि पुन्हा १० फुटांच्या पलीकडे दिसू लागलं. वहीने सरोवर स्वच्छ केलं नाही, हे खरं. पण वही नसती तर माणसं हललीच नसती.

आपल्याकडेही मोजणी होते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. ते पारगावजवळ आणि दौंडजवळ भीमेच्या पाण्याचे नमुने घेतं. आपल्या गावात ‘जलसुरक्षक’ असतात. ते पाण्याचे नमुने तपासायला पाठवतात, टाकीत टीसीएल पावडर टाकतात, आणि नळाच्या पाण्यात औषधाचं द्रव टाकून पिवळा रंग येतो का ते पाहतात. पिवळा आला म्हणजे क्लोरीन आहे, पाणी निर्जंतुक केलेलं आहे. पाण्याच्या व्यवस्थेची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमच्या ग्रामपंचायतीला कोणतं मिळालंय? उद्याच जाऊन विचारा बरं!

पण मंडळाची माणसं रोज तुमच्या तळ्यावर येऊ शकत नाहीत. तुम्ही मात्र तिथेच राहता. तेव्हा चला, वही काढा. दर रविवारी सकाळी सात वाजता, एकाच ठरलेल्या जागी, एवढ्याच गोष्टी नोंदवा :

१) तारीख, वेळ, आभाळ कसं आहे, गेल्या तीन दिवसांत पाऊस झाला का.

२) पाण्याचा रंग आणि वास. हिरवा, तपकिरी, काळपट. मातीचा वास, शेवाळाचा वास, सडक्या अंड्याचा वास. जे असेल ते, जसं असेल तसं.

३) तापमान. प्रयोगशाळेतला तापमापक गुरुजींकडून किंवा बाईंकडून मागून घ्या.

४) नितळपणा. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढरी तबकडी खाली सोडली आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं. आजही शास्त्रज्ञ ‘सेक्की तबकडी’ वापरतात. आपण सोपं करू. पांढऱ्या बादलीच्या तळाशी एक रुपया ठेवा. मोठ्या माणसाने काढून दिलेलं तळ्याचं पाणी हळूहळू ओता. रुपया दिसेनासा झाला की थांबा आणि पट्टीने पाण्याची उंची मोजा. बादली भरली तरी दिसतोय? मग लिहा, ‘बादलीपेक्षा जास्त’. शाब्बास तुमच्या तळ्याची!

५) पाण्यातले रहिवासी. काठाचा थोडा गाळ जुन्या गाळणीत घेऊन पांढऱ्या ताटलीत पसरा. फक्त लालभडक अळ्याच वळवळताना दिसल्या तर सावध व्हा. या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू कमी असला तरी त्या तग धरतात. पण चतुराची पिल्लं, गोगलगायी, बारीक मासे अशी सगळी मंडळी सापडली तर तळ्यात अजून जीव आहे असं समजा.

६) काठावर काय चाललंय. कुणी गाड्या धुतंय का, निर्माल्याच्या पिशव्या किती, कोणतं गटार येऊन मिळतंय, जलपर्णी कुठपर्यंत आली.

पिण्याच्या पाण्यासाठी आणखी एक छान तपासणी आहे. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती जगापुढे मांडली. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. त्यात पाणी भरून उबेला ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता! ही बाटली ग्रामपंचायतीकडून किंवा आरोग्य केंद्रातून मोठ्यांनी मागून आणावी. मात्र ती तळ्याच्या नाही, घरच्या नळाच्या पाण्यासाठी वापरा. उघड्या तळ्याचं पाणी बहुधा काळं होणारच. नळाचं काळं झालं तर मात्र तडक जलसुरक्षकांना सांगा आणि पाणी उकळूनच प्या.

आता एक कडक सूचना. एकट्याने तळ्यावर जायचं नाही. पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरही नाही! बरोबर मोठं माणूस हवंच. परत आल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवायचे. वहीतली एक नोंद चुकली तर चालेल, हा नियम चुकता कामा नये.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. पुण्याचं सांडपाणी थांबवणं एका गावाच्या हातात नाही, हे खरं. पण काठावर ट्रॅक्टर न धुणं, शौचालयाचं पाणी ओढ्याला न सोडणं, रानाला खत मोजून घालणं, हे आपल्या हातात आहे. उरलेल्या गोष्टींसाठी वर दाद मागावी लागते, आणि तिथे “आमचं पाणी खराब झालंय हो!” एवढं म्हणून भागत नाही. “कधीपासून? किती? कुठे?” असं विचारतात. त्या वेळी मुलांची वही पुढे करा. सरकारी तपासणीची जागा ती घेणार नाही. पण तपासणी कुठे, कधी आणि कशासाठी करायला हवी, हे ती नक्की दाखवेल. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मुलांना बरोबर न्या आणि सरपंचांसमोर वहीची पानं वाचायला लावा. वर्षभराच्या बावन्न रविवारांची नोंद पुढ्यात आली की उत्तर द्यावंच लागतं.

तर दोस्तांनो, तळं नसेल तर ओढा घ्या, कालवा घ्या, घोडेचा किंवा भीमेचा घाट घ्या. शिरूरकर आणि दौंडकर, तुम्ही तर एकाच नदीच्या दोन काठांवर आहात. दोन्हीकडे सारख्याच नोंदी ठेवल्यात तर एकमेकांच्या वह्या ताडूनही बघता येतील! वहीवर गावाचं नाव घाला, तळ्याचं नाव घाला, पहिल्या पानावर येत्या रविवारची तारीख टाका. आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच, बरोबर सातला. कंटाळा आला तरी!