समुद्रतळाचा पंचनामा

मुद्देमाल उचलला आणि पंचनामाच केला नाही, तर खटला उभा राहत नाही. कोर्टात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या आम्हाला हे कुणी शिकवायला नको. आपल्याकडच्या सफाई मोहिमांचे नेमके हेच होते. हातात नवा झाडू, गळ्यात हार, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! कचरा किती, कसला, आला कुठून, याची नोंद कुणी ठेवायची?

म्हणूनच 'डाइव्ह अगेन्स्ट डेब्री' या उपक्रमाची दखल घ्यावीशी वाटली. 'प्रोजेक्ट अवेअर' या संस्थेने तो 2011 साली सुरू केला. आज ती 'पॅडी अवेअर फाउंडेशन' म्हणून ओळखली जाते. पाठीवर हवेची टाकी बांधलेले हौशी पाणबुडे तळावरचा कचरा जाळीच्या पिशवीत भरून वर आणतात. इथवर नवल नाही. खरे काम वर आल्यावर सुरू होते. प्लास्टिक, काच, धातू, रबर, कापड असे वेगवेगळे ढीग लावायचे, एकेक नग मोजायचा, वजन करायचे. जागा कोणती, खोली किती, किती जणांनी किती वेळ शोधले, अडकलेला जीव सापडला का, सारे लिहायचे. किनाऱ्यावरचा कचरा त्यात मिसळायचा नाही, नाहीतर पुरावाच बिघडतो. काहीच सापडले नाही तर तेही नोंदवायचे. पुन्हा त्याच जागी उतरायचे.

यातल्या बहुतेकांकडे शास्त्रज्ञाची पदवी नाही. तरी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओच्या संशोधकांनी 2020 मध्ये किनारा आणि समुद्रतळ यांवरील कचऱ्याची तुलना केली, ती अशाच नोंदींवर. किनाऱ्यावरची बाटली निदान डोळ्यांना दिसते. तळाशी हरवलेले नायलॉनचे जाळे मालक विसरला तरी मासे मारीतच राहते!

पण उपसणाऱ्यांनी उपसतच राहायचे आणि ओतणाऱ्यांनी ओततच राहायचे, हा कुठला न्याय? ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात प्लास्टिक कराराची बोलणी करार न होताच संपली. उत्पादनावर मर्यादा नको, असा तेलउत्पादक देशांचा हट्ट होता. अशा वेळी पाणबुड्याच्या पिशवीपेक्षा त्याची वही आम्हाला मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. हा पाणबुडा टाकीतली हवा तपासल्याशिवाय, सोबत जोडीदार असल्याशिवाय खाली जात नाही. गटारात उतरवल्या जाणाऱ्या आमच्या भावाला मात्र दोरीवर सोडतात. 2013 चा कायदा आहे. गटारमृत्यूला 10 लाख रुपये भरपाई, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले; 2023 मध्ये ती 30 लाख केली. तरी माणसे मरताहेत. 2014 चा तो निकाल सफाई कर्मचारी आंदोलनाने 2003 साली दाखल केलेल्या याचिकेवर लागला, आणि त्यामागेही कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या नोंदीच होत्या. सरकारे तर ही प्रथाच नाकारीत होती!

मालवणच्या समुद्रात 1987 पासून अभयारण्य आहे. तिथले स्थानिक तरुण पर्यटकांना पाण्याखालची दुनिया दाखवून पोट भरतात. समुद्राचा तळ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक? शासनाने त्यांच्या हाती वही आणि वजनकाटा द्यावा. पण फुकटची सेवा मागू नये. ज्या दिवशी ते कचरा मोजायला उतरतील, त्या दिवशी त्यांचा पर्यटक बुडतो. त्या दिवसाचा रोज आणि विम्याचा हप्ता जिल्हा प्रशासनाने भरावा, आणि नोंदवही कुणालाही पाहता येईल अशी उघडी ठेवावी.