ताठ मानेच्या तसबिरी

आमच्या देवालयांच्या कार्यालयांत आणि घरोघरच्या भिंतींवर ज्या तसबिरी टांगलेल्या असतात, त्यांतील माणसे एकाच साच्यातून काढल्यासारखी का दिसतात? मान ताठ, हात गुडघ्यांवर, दृष्टी समोर खिळलेली; जणू पंचनामा चालला आहे! हिला आदबशीर बैठक म्हणतात. आम्ही तिला आदब मानावयास तयार नाही.

जुन्या पिढीला सबब होती. काचेवरील ओल्या लेपावर प्रतिमा उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढा वेळ डोके हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी आधार लावीत. ताठपणा हा यंत्राचा हुकूम होता. आज सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात काम उरकते, तरी हुकूम कायम! कारण संपले की नियमही संपतो, हे तर कायद्याचे जुनेच सूत्र आहे.

आणि समोरून व बाजूने, ठरावीक अंतरावरून, सारख्या उजेडात चेहरा टिपण्याची शिस्त कोणासाठी बसविली गेली? १८८० नंतरच्या दशकात पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फोन्स बेर्तियों यांनी ती गुन्हेगारांसाठी बसविली. पारपत्रावर तिचा वारसा चालला तर आमची हरकत नाही. तेथे सरकारला माणूस पटवायचा असतो. पण आईची तसबीर काय ओळख पटविण्यासाठी लावावयाची असते?

आमची खरी तक्रार येथेच आहे. घरातील बाई निवर्तली की धावाधाव सुरू होते. कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्रातून तिचा चेहरा कातरून काढतात. शेजारणीचा खांदा तसाच राहून जातो. नाहीतर ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून त्याला हार घालतात. वर सांगतात, "तिने कधी फोटो काढूच दिला नाही." तिला विचारले कोणी, आणि कसे? इंदुरात सरकारी चाकरीत असताना छायाचित्रणाकडे वळलेल्या राजा दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. पडद्यातल्या स्त्रियांचा संकोच त्यांना कळला. आम्हांला आमच्या माजघरातला कळत नाही.

खटाटोप फारसा नाही. भर दुपारी अंगणात उभे करू नये. डोळे मिटतात आणि खोबणींत काळोख साचतो. सकाळी खिडकीजवळ बसवावे, उजेड एका बाजूने येऊ द्यावा. खांदे किंचित तिरपे, चेहरा आपल्याकडे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि चार-पाच हात दूर. फार जवळून नाकच मोठे दिसते. हातांना त्यांचे नेहमीचे काम द्यावे: वाती वळू द्याव्यात, अबोलीचा वळेसर गुंफू द्यावा. "हसा" असे फर्मान मात्र कदापि काढू नये. गोष्टी बोलत राहावे.

कोणी म्हणतील, हेही नाटकच. उत्सवमूर्तीची पूजा बांधताना एका फुलाची जागा दहादा बदलणाऱ्यांनी तरी हा आक्षेप घेऊ नये! येत्या चतुर्थीला सारे कुटुंब जमेल, पुरुषमंडळींचा फोटो नेहमीप्रमाणे ओसरीवर होईलच. त्याआधी पाच मिनिटे स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी द्यावीत, एवढीच आमची मागणी आहे.