बाळंतिणीची खाट कोणाच्या हिशेबात?

आंबेगाव तालुक्यातील कळंबसारख्या गावात एखाद्या शेतमजूर स्त्रीला सातव्या महिन्यात मूल झाले, तर ते बहुधा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. मूल काचेच्या पेटीत जाते आणि आई दाराबाहेर राहते. बाळाला काय हवे, हे तिला विचारण्याची पद्धत नाही. विचारले तर ती सांगेल : लेकराला हात लावू द्या, माझे दूध त्याच्या पोटात जाऊ द्या, डॉक्टर काय म्हणतात ते मला कळेल असे सांगा. शिकलेली मंडळी याला वेडी माया म्हणतात. प्राणवायू आणि ऊब या गरजा, आईचा स्पर्श ही मात्र भावना, अशी त्यांची वाटणी!

ही वाटणीच अशास्त्रीय आहे. मुंबईच्या शीव येथील महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली, ती काही भावनेपोटी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. १ ते १.८ किलो वजनाच्या ज्या बालकांना आधी पेटीत ठेवून प्रकृती स्थिरावल्यावर आईकडे दिले, त्यांच्यात पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू शेकडा १५.७ होते; जन्मताच आईच्या छातीशी ठेवलेल्यांत १२. अर्थात, त्यासाठी अतिदक्षता विभागातच आईची खाट लागते.

ती खाट अंदाजपत्रकात कोठे आहे? यंत्राची खरेदी भांडवली खर्चात दिसते, मंत्री येऊन फीत कापतात. आईचे श्रम फुकट मिळतात, म्हणून ते हिशेबातच येत नाहीत. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजाताचे उपचार ३० दिवस मोफत केले. आईच्या जेवणाची मुदत मात्र साध्या बाळंतपणास ३ दिवस आणि शस्त्रक्रियेस ७ दिवस ठरवली. पाचवी पुजायच्या आतच ताट बंद! मग दूध येणार कोठून? २०१७ साली प्रसूतिरजा २६ आठवड्यांवर गेली, ती पगारदार स्त्रीची. कांदा काढणारीचा रोज बुडतो, घरी थोरले मूल वाट पाहत असते. ती गावी परतली की तिलाच बेफिकीर ठरवले जाते.

आईवडिलांना विभागात घेऊन शुश्रूषेत सहभागी करावे, अशा सूचना केंद्र सरकारनेच २०१७ साली काढल्या आहेत. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी त्या हातात घेऊन विचारावे : प्रत्येक पेटीमागे आईची एक खाट, मूल घरी जाईपर्यंत जेवण आणि तितक्या दिवसांचे किमान वेतन कोणत्या तारखेपासून देणार?